साडीतील मरियामाता : चित्रकार आंजेलो दा फोन्सेका

आपल्या कोणत्याही ख्रिस्ती घरात प्रवेश केला, की समोरच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर दिसते आणि तिच्या शेजारी निळे वस्त्र पांघरलेली मरियामाता. सायंकाळी रोझरीच्या वेळी सारे कुटुंब त्या तसबिरींपुढे गुडघे टेकते. आजी-आजोबांच्या काळापासून ही मुखे आपल्या इतक्या परिचयाची झाली आहेत, की मरियामाता दिसायला अशीच होती याविषयी आपल्या मनात शंकाही येत नाही. वास्तविक नाझरेथच्या त्या ज्यू कन्येचे तिच्या हयातीत काढलेले एकही चित्र जगात नाही. आपण पाहतो ते मुख युरोपातील चित्रकारांनी आपल्या आया-बहिणींकडे पाहून रंगविलेले आहे. तिच्या अंगावरील निळ्या वस्त्राची कथाही अशीच आहे. हा रंग मध्ययुगातील इटालियन चित्रकार लाजवर्द नावाच्या दगडाची पूड करून तयार करीत. तो दगड आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतातून येई व सोन्याच्या तोडीने विकला जाई. जे सर्वांत मोलाचे ते प्रभूच्या मातेला, या भक्तिभावाने त्यांनी तो रंग तिच्या वस्त्रासाठी राखून ठेवला. म्हणजे जी निळाई आपण युरोपीय समजतो, तिचे मूळ आशियाच्या डोंगरांत आहे!

पंधराव्या शतकातील डॉमिनिकन संन्यासी चित्रकार फ्रा आंजेलिको यांनी फ्लॉरेन्स येथील सान मार्को मठाच्या भिंतीवर गाब्रिएल दूताच्या संदेशाचे जे चित्र रंगविले, त्यात मरियामाता ज्या ओवरीत बसली आहे ती ओवरी त्यांच्याच काळातील व त्यांच्याच शहरातील वास्तूसारखी आहे. नाझरेथला अशा कमानी कोठून येणार? परंतु त्याबद्दल त्यांना कोणी दोष दिला नाही. उलट पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८२ साली त्यांना धन्यवादित घोषित केले व १९८४ साली कलावंतांचे आश्रयदाते म्हणून त्यांची नेमणूक केली. त्यांच्याशी नामसाधर्म्य असलेल्या एका गोमंतकीय चित्रकाराने विसाव्या शतकात अगदी तेच केले. त्याने मरियामातेला आपल्या भूमीत, आपल्या स्त्रियांच्या वेषात बसविले. त्याला मात्र त्यासाठी आपले गाव सोडावे लागले. त्या आंजेलो दा फोन्सेका यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव येथे झाला. तिसवाडीतील हे बेट मांडवीच्या खाड्यांनी वेढलेले असून तेथे पिकणाऱ्या भाजीमुळे लोक त्याला भाजीचे जुवें म्हणूनही ओळखतात. घराणे सधन, जमीनजुमला असलेले व कॅथलिक. भावंडे पुष्कळ आणि आंजेलो त्यांतील धाकटे. अशा घरांतील मुलांनी त्या काळी धर्मगुरू, वकील किंवा डॉक्टर व्हावे असा जणू अलिखित नियमच होता. त्यानुसार आंजेलो मुंबईस वैद्यकीय शिक्षणासाठी गेले. ते शिक्षण त्यांनी अर्ध्यावर सोडले व सर जे. जे. कलाशाळेत नाव घातले. डॉक्टरीचा मार्ग सोडून चित्रे काढण्याच्या मागे लागलेल्या मुलाविषयी घरच्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आपल्यातील कोणत्याही आईवडिलांना सहज करता येईल.

जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ सालची. तिच्या शिक्षणाचा पाया पाश्चात्त्य होता. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून विद्यार्थ्यांनी छायाप्रकाश साधावा, मानवी देहाची प्रमाणे गिरवावीत व तैलरंगात हुबेहूब प्रतिमा उतरवावी, ही ती पद्धत. या शाळेने महाराष्ट्राला उत्तमोत्तम चित्रकार दिले हे निर्विवाद. गोव्याचे आंतोनियो शाव्हियर त्रिंदाद हे श्रेष्ठ व्यक्तिचित्रकार याच शाळेत शिकले व तेथेच शिक्षक झाले. परंतु फोन्सेका यांचे मन तेथे रमले नाही. हात तयार होत होता, पण मनात जे होते ते त्या भाषेत उमटत नव्हते. विचार एका भाषेत करायचा व प्रार्थना दुसऱ्या भाषेत म्हणायची, ही अडचण लॅटिन मिस्साच्या काळात वाढलेल्या आमच्या पिढीच्या आईवडिलांना चांगलीच ठाऊक होती. चित्रकाराची अडचण याहून फार वेगळी नव्हती.

ते बंगालला गेले. तेथे अवनींद्रनाथ ठाकूर व त्यांचे शिष्य नंदलाल बोस यांनी भारतीय चित्रकलेचे पुनरुज्जीवन आरंभिले होते. अजिंठ्याची भित्तिचित्रे, मोगल व राजपूत लघुचित्रे हा त्यांचा वारसा होता. १९०३ च्या सुमारास कोलकात्यास आलेल्या जपानी चित्रकारांकडून अवनींद्रनाथांनी आणखी एक गोष्ट उचलली. कागदावर जलरंगात चित्र काढायचे, तो कागद पाण्यात भिजवायचा, पुन्हा रंगाचा पातळ थर द्यायचा, पुन्हा भिजवायचे, असे अनेकदा करायचे. या पद्धतीने कडा विरघळतात, रंग एकमेकांत मिसळतात व चित्रावर पहाटेच्या धुक्यासारखी एक छटा पसरते. तैलरंगात वस्तूचे वजन व पोत दिसतो. या पद्धतीत वस्तूभोवतीची शांतता दिसते. ध्यानाचे, एकांताचे विषय रंगविण्यास याहून योग्य साधन फोन्सेका यांना मिळाले नसते असे आम्हांला वाटते. येथे जाता जाता एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. विनायकराव मासोजी हे मराठी ख्रिस्ती चित्रकारही शांतिनिकेतनच्या कलाभवनात प्रथम विद्यार्थी व पुढे अध्यापक होते. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाने त्यांचे नावही फारसे स्मरणात ठेवलेले नाही.

गुरूंनी शिष्याला परत जाऊन आपल्या लोकांसाठी, आपल्या देवालयांसाठी चित्रे काढण्याचा उपदेश केला असे सांगितले जाते. त्याप्रमाणे एकोणीसशे तीसच्या दशकाच्या प्रारंभी फोन्सेका गोव्यास परतले. त्यांनी रंगविलेली मरियामाता साडी नेसलेली होती. तिचा वर्ण गव्हाळ होता, पाय अनवाणी होते, आणि कडेवर बाळ घेऊन ती अशी उभी होती, की शेतावरून घरी आलेली गावातीलच कोणी माता वाटावी. हे पाहून समाजात कौतुक झाले नाही. लोकांना ती विटंबना वाटली. प्रतिष्ठित कुटुंबे, काही धर्मगुरू व राजवटीशी निष्ठा बाळगणारी मंडळी यांच्या रोषास त्यांना तोंड द्यावे लागले.

आज या लोकांना नावे ठेवणे सोपे आहे. आम्ही तसे करू इच्छीत नाही, कारण त्यांच्या मनातील भय कोठून आले हे इतिहास जाणणाऱ्यास समजते. १७३६ साली गोव्याच्या धर्मन्यायासनाने, ज्याला आपण इन्क्विझिशन म्हणून ओळखतो, एक विस्तृत फर्मान काढले होते. ख्रिस्ती झालेल्यांनी कोणता पोषाख करावा, लग्नात काय गावे, काय वाटावे, अंगणात कोणते रोप लावू नये, येथपर्यंत त्यात निर्बंध होते. पुरुषांचे धोतर व स्त्रियांची चोळी हीसुद्धा त्याच्या कक्षेतून सुटली नाहीत. ख्रिस्ती असणे म्हणजे पूर्वजांचा पेहराव टाकणे, असे ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या शिकविले गेले, त्याच्यासमोर एके दिवशी कोणी प्रभूची माताच साडी नेसवून उभी केली. त्या समाजाला धक्का बसला नसता तरच नवल. ज्यांनी ख्रिस्ती राहण्यासाठी साडीचा त्याग केला होता, त्यांना वाटले, की हा मनुष्य आपल्या पूर्वजांच्या त्यागालाच निरर्थक ठरवीत आहे. शिवाय तो काळ सालाझारच्या उदयाचा होता. पोर्तुगीज राजवटीच्या डोळ्यांना भारतीय वेषातील मरियामातेत भक्तीपेक्षा राष्ट्रवादच अधिक दिसला असल्यास आश्चर्य नाही. १९०५ साली अवनींद्रनाथांनी भारतमातेचे चित्र काढले होते, त्याचा हा शिष्य. संशयाला एवढा पुरावा पुरेसा होता.

परंतु हा समाज एक गोष्ट विसरला होता. भारतीय हातांनी भारतीय रीतीने प्रभूचे रूप रंगविण्याची परंपरा फोन्सेका यांच्यापासून सुरू झालेली नव्हती. १५८० साली रुदोल्फ अक्वाविवा आणि त्यांचे येशूसंघीय सहकारी फत्तेपूर सिक्री येथे अकबराच्या दरबारी गेले, तेव्हा त्यांनी सोबत सचित्र बायबल व रोममधील सांता मारिया माज्जोरे येथील मरियामातेच्या प्रसिद्ध प्रतिमेची प्रतिकृती नेली होती. बादशहाने ती आदराने पाहिली व दरबारी चित्रकारांनी ख्रिस्ती विषयांवर कितीतरी चित्रे केली. आणि शब्दांच्या क्षेत्रात आपल्या मराठीने तर याहून मोठे कार्य पाहिले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे येशूसंघीय १५७९ साली गोव्यास आले व १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. परदेशी धर्मगुरूने मराठी ओवीत प्रभूची कथा सांगावी, आणि गोमंतकीय माणसाने ती भारतीय रंगांत रंगवू नये, हा न्याय आम्हांला तरी समजत नाही. ओवी ज्यांनी कानांनी स्वीकारली, त्यांच्या वंशजांनी साडी डोळ्यांनी नाकारली!

फोन्सेका यांनी वाद घातला नाही. त्यांनी गोवा सोडला व ते पुण्यास आले. पुढील सुमारे साडेतीन दशके पुणे हेच त्यांचे घर झाले.

पुण्यात त्यांना आश्रय दिला तो शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाने. या आश्रमाची पूर्वपीठिका आपल्या मराठी वाचकांना जवळची वाटेल. जॅक विन्स्लो हे अँग्लिकन मिशनरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या विचारांनी प्रभावित झाले होते. ख्रिस्ताने भारतात भारतीय होऊन यावे ही टिळकांची तळमळ होती. टिळक १९१९ साली निवर्तले व १९२२ साली विन्स्लो यांनी अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. पुढे हे कार्य पुण्यास आले. इंग्रज व भारतीय सदस्य तेथे एकत्र राहत, खादी वापरीत, जमिनीवर बसून साधे शाकाहारी जेवण घेत. आदिवासींमधील कार्यासाठी पुढे प्रसिद्धी पावलेले व्हेरियर एल्विन हेही प्रथम याच संघात आले होते. १९३४ पासून ख्रिस्त प्रेम सेवा संघ या नावाने जो समूह तेथे राहिला, त्याचे प्रमुख विल्यम लॅश हे होते. ते पुढे अँग्लिकन मंडळीचे मुंबईचे बिशप झाले. फोन्सेका यांची गुणवत्ता या मंडळींनी ओळखली व त्यांना राहण्यास जागा व रंगविण्यास स्वातंत्र्य दिले.

या गोष्टीचे महत्त्व आजच्या वाचकांच्या चटकन ध्यानात येणार नाही. आज आपण जानेवारीत ख्रिस्ती ऐक्याचा सप्ताह पाळतो, एकमेकांच्या चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करतो. तेव्हा तसे नव्हते. अकरावे पायस यांनी १९२८ साली कॅथलिकांना इतर ख्रिस्ती पंथांच्या संमेलनांत सहभागी होण्यापासून परावृत्त करणारे परिपत्रक काढले होते. अशा काळात एका कॅथलिक चित्रकाराने अँग्लिकन आश्रमात राहावे, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या लोकांच्या भुवया उंचावणारीच होती. फोन्सेका अखेरपर्यंत कॅथलिक राहिले. आपल्याच ख्रिस्तसभेच्या मुलाला आपल्या गावात जागा मिळू नये व विभक्त बंधूंच्या घरी ती मिळावी, यात आपल्यासाठी आत्मपरीक्षणाचा विषय आहे, एवढेच आम्ही नमूद करतो.

आश्रमातील त्या वर्षांत त्यांनी शेकडो चित्रे काढली. त्यांत बहुतेक कागदावरील जलरंगातील आहेत, आकाराने बेताची आहेत. गाब्रिएल दूताचा संदेश, ख्रिस्तजन्म, मिसर देशाकडे पलायन, शेवटचे भोजन, क्रूसावरील प्रभू, आणि असिसीकर संत फ्रान्सिस हे विषय ते पुनःपुन्हा हाताळीत. यांतील आम्हांला सर्वांत भावतात ती मरियामातेची चित्रे. तिच्या डोक्यावर मुकुट नाही, पायाखाली ढग नाहीत. ती जमिनीवर बसते. आपल्याकडील स्त्रिया निवडण-टिपण करताना किंवा बाळाला थोपटताना जशा बसतात, तशीच. डोळे झुकलेले असतात. हातांच्या मुद्रा अजिंठ्याची आठवण करून देतात, मात्र अंगावर राजकन्येचे अलंकार नसतात. गोव्याच्या कष्टकरी स्त्रियांची चौकडीची साडीही या चित्रांत येते. गोव्यात त्या काळी ती साडी कोणी नेसत असे व कोणी नेसत नसे, हे लक्षात घेतले म्हणजे फोन्सेका काय म्हणू पाहत होते ते कळते. मरियेने आपल्या स्तोत्रगीतात देव दीनांना उंचावतो असे गायिले. चित्रकाराने ते गीत वस्त्रातून सांगितले.

याच काळात सर्वसामान्य महाराष्ट्रीय घरांत काय घडले होते तेही पाहण्यासारखे आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथून निघालेल्या रंगीत चित्रांनी लक्ष्मी व सरस्वती यांना साडी नेसवून झोपडीपासून वाड्यापर्यंत पोहोचविले. हिंदू बांधवांच्या मनातील देवीचे आजचे रूप मोठ्या प्रमाणात त्या छापील चित्रांतून घडले. चित्राचे सामर्थ्य असे असते. प्रवचन रविवारी ऐकले जाते व सोमवारी विसरले जाते. आम्ही स्वतः प्रवचने देत असल्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो. भिंतीवरील चित्र मात्र दररोज, न बोलता, मुलाला सांगत राहते, की देव कोणासारखा दिसतो. आपल्या ख्रिस्ती घरांत त्या काळी इटली, फ्रान्स व जर्मनीतून छापून आलेल्या तसबिरी लागल्या. गोरे मुख, सोनेरी केस. शंभर वर्षे आपली मुले त्या मुखांकडे पाहत वाढली, आणि देव दूरदेशीचा आहे हा धडा नकळत गिरवीत राहिली. फोन्सेका यांची चित्रे जर त्या काळी स्वस्त छापील स्वरूपात घरोघरी पोहोचली असती तर? परंतु तसे घडले नाही.

तथापि त्यांचे चाहते नव्हते असे नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहासकार फादर हेन्री हेरास हे त्यांचे मोठे पाठीराखे होते. स्पेनहून आलेल्या या येशूसंघीय विद्वानाने १९२६ साली भारतीय इतिहास संशोधन संस्थेची स्थापना केली होती. भारतातील ख्रिस्ती कला भारतीयच असली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता व त्यांनी फोन्सेका यांची चित्रे संग्रहित केली. ती आजही हेरास यांचेच नाव धारण करणाऱ्या त्या संस्थेच्या संग्रहात आहेत. परदेशातही त्यांच्या चित्रांची दखल घेतली गेली. आशिया व आफ्रिकेतील ख्रिस्ती चित्रांविषयी डॅनियल फ्लेमिंग यांनी १९३८ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांचा समावेश झाला. रोममध्येही वारे बदलत होते. चीनमध्ये पोपचे प्रतिनिधी म्हणून काम केलेले चेल्सो कोस्तान्तिनी हे मिशन प्रदेशांतील कला त्या त्या देशाचीच असावी याचे खंदे पुरस्कर्ते होते. १९५० च्या पवित्र वर्षात व्हॅटिकनमध्ये मिशन प्रदेशांतील पवित्र कलेचे मोठे प्रदर्शन भरविण्यात आले. जे गोव्यात निंद्य ठरले होते, तेच रोममध्ये मान्य होऊ लागले होते!

१९५१ साली, वयाची पन्नाशी जवळ आली असता, फोन्सेका यांचा विवाह आयव्ही यांच्याशी झाला. त्यांना एक कन्या झाली. विवाहानंतरच्या कित्येक चित्रांतील मरियामातेच्या मुखात पत्नीच्या मुखाची छटा आहे, असे अभ्यासक सांगतात. यात कोणाला धिटाई वाटेल. आम्हांला ती एका पतीची निर्मळ कृतज्ञता वाटते. इटलीतील थोर चित्रकारांनीही ओळखीच्या मुखांतूनच मरियेला शोधले होते. कला ही आत्माविष्कार आहे असे म्हटले जाते, परंतु भक्त कलावंताचा आत्माविष्कार म्हणजे स्वतःची जाहिरात नव्हे. आपल्या जीवनात जे सर्वांत प्रिय आहे ते उचलून वेदीवर ठेवणे, हा त्याचा अर्थ. आणि त्या प्रिय गोष्टीवर आपली भाषा, आपली माती, आपल्या माणसांची ठेवण यांची छाप असणारच.

या संदर्भात दुसऱ्या एका गोमंतकीय कॅथलिक चित्रकाराचे स्मरण होते. फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा जन्म १९२४ साली साळगाव येथे झाला. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह कलावंतांचा जो गट स्थापन झाला, त्याचे ते अग्रणी. त्यांनीही क्रूसावरील ख्रिस्त रंगविला, पण तो काट्यांनी विंधलेला, विद्रूप, पाहणाऱ्याला अस्वस्थ करणारा. बालपणी पाहिलेल्या चर्चविषयीचा सारा ताण त्यांनी त्या रेषांत ओतला. सूझा जगप्रसिद्ध झाले व फोन्सेका विस्मृतीत गेले. एकाने संताप रंगविला, दुसऱ्याने शांती. आधुनिक कलाजगताला संताप अधिक अस्सल वाटतो. आम्ही दोघांनाही आपले मानतो, कारण दुःखितांच्या आरोळीलाही स्तोत्रसंहितेत स्थान आहे. परंतु ज्या माणसाला त्याच्या समाजाने दूर लोटले, त्याच्या एकाही चित्रात कटुता उतरू नये, हे आम्हांला अधिक अवघड कार्य वाटते.

फोन्सेका यांच्या कलेवर एक आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यावा लागेल. त्यांच्या चित्रांतील भारत हा बंगालच्या पुनरुज्जीवनवादी शैलीतील भारत आहे. तो सौम्य, ध्यानस्थ, सुसंस्कृत आहे. अजिंठ्याच्या मुद्रा, आश्रमाची शांतता, हे सर्व ख्रिस्ती समाजातील दलित, आदिवासी व कोळी बांधवांना आपले वाटेल काय? भारतीयीकरण म्हणजे केवळ उच्चवर्णीय संस्कृतीचे अनुकरण, असा आरोप दलित ईशज्ञान मांडणाऱ्यांनी या प्रकारच्या साऱ्या प्रयत्नांवर केला आहे. त्यात तथ्यांश आहे. तथापि कष्टकरी स्त्रीची साडी प्रभूच्या मातेला नेसविणारा चित्रकार या आरोपात पुरता बसत नाही असे आमचे मत आहे. वारली भिंतीवर पांढऱ्या पिठाने काढलेला ख्रिस्तजन्म आपल्या भागातील काही देवालयांत नाताळला दिसतो, तेव्हा फोन्सेका यांनी उघडलेले दार अधिक रुंद झाल्याचे समाधान होते.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने पवित्र उपासनेविषयीचे संविधान प्रसृत केले. ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मुक्रर केलेली नाही, आणि सर्व वंशांच्या व प्रदेशांच्या कलेला, ती उपासनेचे पावित्र्य राखीत असेल तर, देवालयात मुक्त वाव असावा, असा निर्वाळा त्यात देण्यात आला. त्यापूर्वी दोन वर्षे, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला होता. ज्या दोन सत्तांनी फोन्सेका यांना नाकारले होते, त्यांतील एक निघून गेली व दुसरीने आपली भूमिका बदलली. साठीत पोहोचलेल्या चित्रकाराला हे पाहावयास मिळाले. हळूहळू मिस्सा मराठीत व कोंकणीत होऊ लागला. परंतु मोठ्या देवालयांच्या भिंती त्यांच्या वाट्याला फारशा आल्या नाहीत आणि नव्या काळाचा लाभ घेण्यास आयुष्यही उरले नव्हते. १९६७ च्या डिसेंबरमध्ये, मेंदूज्वराच्या आजाराने, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यानंतर जवळजवळ चार दशके ती चित्रे आयव्ही यांनी सांभाळली. कागदावरील जलरंगांचे शत्रू पुष्कळ. पावसाळ्याची दमट हवा, वाळवी, ऊन, आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे विक्रीचा मोह. विधवा स्त्रीने तुटपुंज्या साधनांनिशी पतीची शेकडो चित्रे विखरू न देता जपावीत, याला आम्ही साधना म्हणतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी हा संग्रह येशूसंघीयांच्या पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सुपूर्द केला. अशा रीतीने ज्या गोव्याने चित्रकाराला जाऊ दिले, त्याच गोव्यात त्याची चित्रे परत आली. पुण्यातील आश्रमही पुढे नव्या रूपाने जिवंत झाला. १९७२ साली कॅथलिक व अँग्लिकन संन्यासिनींनी मिळून तेथे एकत्र जीवन सुरू केले, आणि सिस्टर सारा ग्रँट यांच्यासारख्या विदुषीने तेथे वास्तव्य केले. एके काळी एकट्या चित्रकाराने जे ऐक्य अनुभवले, ते आता व्रतस्थ भगिनींच्या समूहाचे जीवन झाले.

आपल्या धर्मग्रामांतून दरवर्षी शेकडो भाविक तामिळनाडूतील वेलांकणीच्या यात्रेस जातात. तेथील मरियामातेला साडी नेसविली जाते, आणि त्या दर्शनाने भाविकांच्या डोळ्यांत पाणी येते. परत आल्यावर हेच भाविक साडीतील मरियेचे चित्र वेदीजवळ लावण्याची सूचना झाली, तर अस्वस्थ होतात. असा अनुभव अनेक धर्मगुरूंनी आमच्यापाशी बोलून दाखविला आहे. यात्रेतील मरिया आणि घरातील मरिया यांत हे अंतर का पडावे, याचा विचार धर्मग्राम परिषदांनी व नवीन देवालय बांधणाऱ्या समित्यांनी जरूर करावा. संगमरवर कोठून आणायचा यावर जेवढी चर्चा होते, तिच्या दशांश चर्चा चित्रे कोणाकडून काढून घ्यायची यावर झाली, तरी आपल्या तरुण ख्रिस्ती चित्रकारांना काम मिळेल.

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास आपल्यापैकी अनेक जण जातात. दर्शन झाले, की मंडळी पणजीच्या बाजारात जातात व तेथून समुद्रकिनारी. पर्वरी हे पणजीसमोर, मांडवीच्या पुलापलीकडे आहे. संशोधन केंद्राकडे आधी चौकशी करून गेल्यास उत्तम. जलरंगांना प्रकाश सोसत नसल्यामुळे अशा संग्रहांतील सारीच चित्रे एकाच वेळी मांडलेली नसतात. जेवढी पाहावयास मिळतील तेवढी सावकाश, जवळ उभे राहून पाहावीत.